पाकीट दिलं, चुंगडी आली

घरकाम करणाऱ्या बाईला खुशीचे पैसे किती द्यावेत, केव्हा द्यावेत आणि देताना चेहरा कसा ठेवावा, या विषयाचा माझ्याइतका अभ्यास केलेली दुसरी बाई अख्ख्या गडचिरोलीत सापडायची नाही. या अभ्यासाचं फळ म्हणून माझ्या पलंगाखाली चार महिने मोहफुलांची चुंगडी होती, माझ्या दारात जमादार येऊन गेले, आणि आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीला एक नवा नियम लागू झाला. पोत्याला आमच्याकडे चुंगडी म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिचा संबंध वारंवार येणार आहे.

सोनीबाई आमच्याकडे दीड वर्षापासून येते. पोटेगाव रोडनं आत तिचं गाव आहे. सकाळच्या काळीपिवळीनं ती पावणेनऊला उतरते, आणि नऊ वाजता माझ्या घराचा ताबा तिच्याकडे जातो. मी तिला बाई म्हणते, ती मला बाई म्हणते. पण कोण कोणाला घाबरतं हे कोणीही पाच मिनिटं बसलं तरी कळेल. फडकं घेऊन ती हॉलमध्ये आली की एकच वाक्य म्हणते, "पाय वर घ्या." मी घेते. अश्वजित घेतो. एकदा त्याचे कार्यकारी अभियंता चहाला आले होते, त्यांनीही घेतले.

आणि बोधू. बोधू म्हणजे संबोधी, आमची मुलगी, तेव्हा अकरा महिन्यांची. मी तिच्यासाठी पाणी उकळते, वाटी उकळते, चमचा उकळते. अश्वजित म्हणतो, एक दिवस तू मलाही उकळशील. इतकं करून ती माझ्या हातचा घास थुंकते. सोनीबाई नुसती जवळ बसून "खा वो माय" म्हणाली की आ वासते. जूनअखेर माझं कॉलेज उघडणार होतं. मी ज्युनियर कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि बाळंतपणापासूनच्या बिनपगारी रजेचा शेवटचा तुकडा तेवढाच उरला होता. दोन वाजेपर्यंत बोधूजवळ बसायचं सोनीबाईनं कबूल केलं होतं. माझी नोकरी, माझं डोकं आणि बोधूचं वजन या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दावर उभ्या होत्या.

तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फडकं पिळता पिळता सोनीबाई म्हणाली, "बाई, मोह पडून राह्यला. गुरुवारपासून मी येत नाई."

"किती दिवस?"

"पडन तवरी."

वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात 'पडन तवरी' म्हणजे किती दिवस, ते दिलेलं नाही. मोहाचं झाड म्हणजे मधुका लाँगिफोलिया, कुळ सॅपोटेसी, फुलं पहाटे गळतात, हे मी दहा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. ती गळलेली फुलं वेचायला अख्खं गाव रानात जातं आणि माझ्या घरची फरशी तशीच राहते, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

मी खाली दुर्गाताईंकडे गेले. दुर्गाताई तळमजल्यावर राहतात. अपार्टमेंटचा अध्यक्ष कागदावर कोण आहे मला माहीत नाही, पण आमच्या इथे नळाला पाणी दुर्गाताईंना विचारून येतं.

"गेली म्हनजे गेली," त्या म्हणाल्या. "माझी एक होती. मोहाले म्हनून गेली, थे थेट तेंदूपत्ता संपल्यावर आली. आन् आली थे तिसऱ्या माळ्यावर, दुसऱ्याच्या घरी."

त्या दिवशी बोधू झोपल्यावर मी फोनवर शोधलं. एक लेख सापडला. साफसफाई करणाऱ्यांना खुशीचे पैसे पंधरा ते वीस टक्के द्यावेत. सणाला द्यावेत. रोख द्यावेत, पाकिटात घालून द्यावेत, सोबत हातानं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी असावी. अशानं माणूस टिकतं. 'टिकतं' हा शब्द मी दोनदा वाचला.

आता पंधरा टक्के म्हणजे कशाचे? लेखातली बाई आठवड्यातून एकदा येत होती, गाडीनं. माझी रोज येते, काळीपिवळीनं. बरं, सणाला द्यावेत, तर कोणाच्या? आम्ही बौद्ध; आमच्या घरचे मोठे दिवस म्हणजे चौदा एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. अपार्टमेंटचा बोनस दिवाळीला. सोनीबाईच्या गावात पंडुम असतात: नवं धान्य, नवं फूल आधी देवापुढे ठेवायचं, मग खायचं, तो सण. तीन पंचांगं समोर ठेवली, आणि येत्या गुरुवारच्या आत एकातही काही बसेना.

आईला बल्लारपूरला फोन लावला. आई म्हणाली, "पैसे देऊ नोको. तिले वाटन का हे आपल्याले कायमचीच धाडून राह्यली. साडी दे."

हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. आला तो जाईना.

दुर्गाताईंना पुन्हा विचारलं, तर त्या एकदम उभ्या राहिल्या. "पाचशाच्या वर जायचं नाई, नूतन. ग्रुपवर ठरलं हाये. तू हजार देशीन, मंग माझी मले हजार मांगन. रेट बिघडवू नोको."

अश्वजित पाटबंधारे खात्यात आहे. आयुष्यभर पाणी वरून खाली येताना पाहिल्यामुळे त्याला सगळं सरळ वाटतं. "तिलाच विचार ना सरळ," तो म्हणाला.

"असं विचारतात का कधी? तुम्हाला किती खुशी हवी म्हणून?"

"मग नको विचारू." आणि झोपला.

तीन दिवसांत मी चिठ्ठी चार वेळा लिहिली. 'प्रिय सोनीबाई' हे प्रेमपत्रासारखं दिसत होतं आणि 'आपणांस कळविण्यात येते की' हे नोटिशीसारखं. चिठ्ठी रद्द केली. पाकीट शोधलं तर घरात फक्त लग्नाच्या आहेराचं निघालं, सोनेरी, वर रुपया चिकटवलेलं. त्यात हजार रुपये घातले. दुर्गाताईंना कळू नये म्हणून खिडकी लावली, पडदा ओढला, आणि बुधवारी निघताना सोनीबाईच्या हातात ते ठेवलं.

"हे ठेवा. काही बोलू नका. तुम्ही परत आल्या की मग बघू."

सोनीबाईनं पाकीट पाहिलं. रुपया बोटानं चाचपला. मग माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"तुमी पन का, बाई?"

"हो, मी पण," मी अभिमानानं म्हणाले. तिनं पाकीट कपाळाला लावलं, पदराला बांधलं आणि गेली.

पण ती वळल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुमी पन? म्हणजे माझ्या आधी कोणी दिले होते! पाचशेचा नियम करणाऱ्या बाईनंच माझी सोनीबाई फोडायला मागच्या दारानं दीड हजार सरकवले असणार. पुढचे सोळा दिवस मी दुर्गाताईंशी फक्त कामापुरतं बोलले, आणि त्यांना ते कळलंही नाही, याचा मला जास्त राग आला.

ते सोळा दिवस कसे गेले ते लिहीत नाही. एवढंच सांगते की फरशी पुसताना मागे मागे सरकायचं असतं, हे मला पाचव्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी पुढे सरकत होते आणि बोधू माझ्या ओल्या पावलांवरून रांगत येऊन ती मोजत होती.

सतराव्या दिवशी, शनिवारी, खाली काळीपिवळीचा हॉर्न वाजला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. सोनीबाई! उन्हानं रापलेली, हसरी, परत आलेली सोनीबाई! लेखात खरं लिहिलं होतं, माणूस टिकतं! मी बोधूला उचलून नाचवलं. मग दिसलं की गाडीच्या टपावरून ड्रायव्हर एक चुंगडी उतरवतो आहे, आणि ती चुंगडी जिना चढते आहे.

दोन माळे चढून ती माझ्या दारात धपकन बसली. तिच्यामागे सोनीबाई.

"घ्या तुमचा मोह. पंचवीस किलो. काडी नाई, कचरा नाई. चांगला वाळवून आनला."

"माझा मोह?"

"मंग कोनाचा? इसार देल्ला ना तुमी." तिनं दारातच बसून पदरानं वारा घेतला. "मोह पडाच्या आंगोदर शेठ येते गावात. रुपया ठेवून पैसे देते, म्हनते मोह मलेच द्या. दर सालचं हाये. यंदा म्या त्याले नाई म्हनलं. म्हनलं, आमच्या बाईचा इसार पयले घेतला. मी तोंडावर नाई बोलत कोनाच्या, पन यंदा बोलली."

म्हणजे 'तुमी पन' मध्ये दुर्गाताई नव्हत्याच. मी आणि शेठ होतो. मोह पडायच्या तोंडावर, रुपया लावलेल्या पाकिटात पैसे घालून, 'परत आल्यावर बघू' असं म्हणणारा माणूस आमच्या भागात एकाच कामासाठी येतो, आणि ते काम मी केलं होतं. पडदा ओढून.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पण तिनं माझ्यासाठी शेठला नाही म्हटलं होतं. पंचवीस किलो फुलं एकेक करून वाकून वेचली होती. तिच्या तोंडावर 'अहो, ते तर बक्षीस होतं' असं म्हणायला जी छाती लागते, ती मला नाही.

"हो हो," मी म्हणाले. "हाच हवा होता. काय सुंदर आहे! मधुका लाँगिफोलिया."

"तुमच्यात असं म्हनते का," सोनीबाई कौतुकानं म्हणाली. "बुधवारपासून येतो कामाले. तीन दिवस आंग सोडून झोपतो." आणि गेली.

अश्वजित आला, चुंगडीकडे पाहून त्यानं बूट काढले आणि विचारलं, "पाहुणे आले?"

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "आता तरी सांग ना तिला सरळ."

"तू जेवून घे," मी म्हणाले.

आईला फोन केला. ती म्हणाली, "लाडू कर मोहाचे. पोरीच्या आंगाले लागते. पयले भिजव." किती वेळ, हे ती सांगणार होती, तेवढ्यात तिचा कुकर झाला. मी दोन किलो फुलं निवडली, सात पाण्यांनी धुतली आणि नव्या बादलीत भिजत घातली. मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावलं आणि बादली मागच्या गॅलरीत ठेवली, जिथे दुपारी ऊन येतं. हे सगळं स्वच्छतेच्या दृष्टीनं अत्यंत बरोबर होतं. त्याच संध्याकाळी बोधूला दाताचा ताप आला, आणि पुढचे तीन दिवस मला थर्मामीटरशिवाय जगात काहीच दिसलं नाही.

गडचिरोलीचा एप्रिल. बेचाळीस डिग्री. घट्ट झाकण. गोड फुलं. मी अकरावीला किण्वन शिकवते. प्रात्यक्षिकासह.

मंगळवारी ग्रुपवर दुर्गाताईंचा संदेश आला: 'कोणाच्या तरी घरून कसला तरी वास येत आहे. सर्वांनी आपापले पाहावे.' वास मलाही येत होता. मी आधी बोधूला हुंगलं, मग अश्वजितला. मग ग्रुपवर लिहिलं: 'मलाही येतोय. बहुतेक गटाराचा असावा.' त्यावर तिघांनी अंगठे दिले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे काही वास असे आहेत की बाकी महाराष्ट्रात त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि आमच्याकडे त्यांच्यासाठी माणूस येतो.

माणूस बुधवारी सकाळी साडेआठला आला. पोलीस ठाण्यातले कुमरे जमादार, पन्नाशीचे, मिशी पांढरी, काखेत डायरी. त्यांच्या पाठीमागे नाकाला पदर लावून दुर्गाताई.

"बाई, तक्रार आली हाये," जमादार म्हणाले. "कोनी केली थे सांगता येत नाई."

"हो, सांगता येत नाई," दुर्गाताई पदराआडून म्हणाल्या.

मागच्या गॅलरीत जाईपर्यंत मला खरंच आठवलं नव्हतं. जमादारांनी झाकण उघडलं. बादली आमच्याकडे बघून बुडबुडली.

"हे काय होय?"

"लाडू," मी म्हणाले. "म्हणजे, लाडवाची तयारी."

"लाडवाले बुडबुडे येत नाई, बाई."

"मी भिजत घातले आणि मुलीला ताप आला, आणि..."

"फुलाले मनाई नाई. भिजवून ठेवलं का मंग त्याचं दुसरं नाव होते." त्यांनी डायरी उघडली. "शिक्षन?"

"एम.एस्सी. बॉटनी."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ मला फार लागली. "आनखी माल हाये का घरात?"

पलंगाखालची चुंगडी दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुर्गाताईंच्या तोंडावरचा पदर गळून पडला. "नूतन," त्या हळूच म्हणाल्या, "अश्वजितचा पगार येऊन नाई राह्यला का?"

एवढ्यात सोनीबाई कामाला आली. चपला काढून आत आली, जमादार पाहिले, बादली पाहिली आणि कपाळावर हात मारला. "बाप्पा! अवो, किती दिवस भिजवला?"

"तीन... चार."

"दोन घंटे भिजवा लागते! दोन घंटे!"

मग ती जमादारांकडे वळली आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. जमादारांनी गोंडीत उत्तर दिलं. गाव कोणतं, कोणाच्या घरची, अशी काहीतरी ओळख निघाली. मग तिनं माझ्याकडे बोट दाखवून एक मोठं वाक्य सांगितलं, आणि जमादार हसले. तिनं आणखी एक सांगितलं, आणि ते भिंतीला धरून हसले. कोणत्या भाषेत आपल्यावर हसताहेत हे कळत नसलं तरी किती हसताहेत ते कळतंच. बोधूही हसली. ताप उतरला होता.

"पन बाई," जमादार डोळे पुसत म्हणाले, "एक सांगा. एवढा मोह घेतला कायले?"

वर्दी समोर होती. मी फुटले.

"मी घेतलाच नाही! ते मोहाचे पैसे नव्हतेच. ते... सोनीबाईंना खुशीचे होते."

हसणं थांबलं.

"खुशीचे?" सोनीबाई म्हणाली. "कोनाच्या खुशीचे?"

"तुमच्या. म्हणजे माझ्या. तुम्ही परत यावं म्हणून."

"मी येतो म्हनलं होतं ना."

"हो, पण..."

"येतो म्हनलं तं येतो. त्याले पैसे कायले लागते?" ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "मले वाटलं, तुमाले मोह पायजे. मी गावात सांगत फिरली. म्हनलं, आमच्या बाई एवढ्या शिकल्या, आन् आमचा मोह मांगते. चांगला चांगला तुमच्यासाठी येगळा काढला. आंगोदर सांगा नाई लागत का, बाई?"

जून, कॉलेज, दोन वाजेपर्यंतची कबुली, सगळं त्या बादलीत बुडबुडताना दिसत होतं. पण खरं सांगू, त्या वेळी नोकरीपेक्षा तिचं ते 'येगळा काढला' जास्त टोचत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. लेखात हे वाक्य कुठेच दिलेलं नव्हतं.

जमादारांनी डायरी मिटली. "पाहा, हिशेब सोपा हाये. पैसे खुशीचे, मंग पैसे सोनीबाईचे. पैसे तिचे, मंग मोह पन तिचाच. सोनीबाई, तुमी तुमचा मोह घेऊन जा. आन् बाई, तुमी हे बादली माझ्यासमोर सांडा."

बादली सांडली. दुर्गाताईंनी गटारापर्यंत सोबत येऊन खात्री केली. जमादार म्हणाले की पुढच्या वेळी लाडू झाल्यावर बोलवा, आधी नको, आणि गेले.

सोनीबाई अजून उंबऱ्यावरच होती. "कुठी नेऊ आता? घरी उंदीर हाये. पाऊस लागला का छत गळते. शेठकडं गेली तं थो हासन आन् भाव पाडून मांगन." मग तिनं मान वर करून माझ्या बेडरूमकडे पाहिलं. अश्वजितच्या घरचे लग्नाआधी मला बघायला आले होते ना, तसं पाहिलं. "इथी कोरडं हाये," ती म्हणाली.

"राहू द्या!" मी ओरडलेच. "राहू द्या, राहू द्या! मी सांभाळते."

"पोळ्याच्या आंगोदर भाव येते."

"पोळ्यापर्यंत सांभाळते."

"पानी लागू देऊ नोका."

"नाही लागू देणार."

"भिजवू नोका."

"सोनीबाई!"

ती उठली. पदर खोचला, फडकं घेतलं. "पाय वर घ्या," ती म्हणाली. मी इतक्या आनंदानं पाय आयुष्यात कधी वर घेतले नव्हते.

पुढचे चार महिने मी दोन लेकरं वाढवली. फ्रिजवर एका कागदावर बोधूची लसीकरणं आणि दुसऱ्यावर मोहाची उन्हं. चुंगडीत कडुलिंबाचा पाला घातला, खाली विटा ठेवल्या, भिंतीपासून वीतभर दूर. दर आठवड्याला हात घालून पाहायचं. बोधूच्या कपाळालाही मी असाच हात लावते. एकदा सवयीनं चुंगडीला थर्मामीटर लावणार होते.

मे महिन्यात गच्चीवर ऊन दाखवायचं ठरलं, तर गच्चीची किल्ली दुर्गाताईंकडे. त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्जावर बैठक झाली. 'गच्ची ही कपडे व पापड यांकरिता आहे' असा एक जुना ठराव निघाला. मी मुद्दा मांडला की मिरच्या कशा चालतात? त्यावर तिसऱ्या माळ्यावरच्या मिरचीवाल्या बाई दुखावल्या. दोन तासांनी ठराव दुरुस्त झाला: 'कपडे, पापड, मिरच्या व रहिवाशांच्या जबाबदारीवरील कोरडा वनोपज.' खाली दुर्गाताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कोरडाच.' त्या दिवसापासून त्या जिन्यात भेटल्या की विचारत, "काय भाव झाला वो मोहाचा?" जुलैत तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या साली सोनी माझा पन इसार घेईन का? पाचशाचा."

कॉलेज उघडलं. सोनीबाई दोन वाजेपर्यंत बसू लागली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पावसाळ्यात जरा ढग आले की मी स्टाफरूममधून फोन करायची, "खिडकी लावली का?" ती म्हणायची, "कोनासाठी? पोरीसाठी का मोहासाठी?" मी म्हणायची, दोघींसाठी. बोधूचा पहिला शब्द 'आई' नव्हता. तो 'मो' होता. आईला मी तो 'मम्मी'चा अर्धा आहे असं सांगितलं आहे.

पोळ्याच्या चार दिवस आधी सोनीबाई गाडी घेऊन आली आणि चुंगडी घेऊन गेली. पलंगाखाली विटा तेवढ्या राहिल्या. घर इतकं मोकळं वाटलं की मी दोनदा वाकून पाहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली ती हसतच. भाव दीडपटीच्या वर मिळाला होता. त्याच शेठनं दिला होता, आणि हे सांगताना तिनं त्याच्या तोंडाची नक्कल केली. मग पदराची गाठ सोडून तिनं चौघडी केलेली नोट काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"घ्या. तुमचा बोजारा."

बोजारा म्हणजे पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल घेऊन कोणी दारी आलं की त्याच्या हातावर ठेवायचे पैसे. या व्यवहारात मी बैल की बैल आणणारी, हे तिनं स्पष्ट केलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"अहो, याची काय गरज होती," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला कळेना की आता नोट उलगडून पाहायची, की मूठ तशीच मिटायची, की कपाळाला लावायची. लेख देणाऱ्यांसाठी होता. घेणाऱ्यांसाठी त्यात एक ओळ नव्हती. मी बोधूचं दूध पाहायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी पाठमोरी होऊन नोट उलगडली. शंभर. चार महिने, विटा, कडुलिंब, एक ठराव, आणि शंभर! माझं तोंड उतरलं असणार, कारण मागून आवाज आला.

"दोनशे देनार होती. दोन किलो नासवला तुमी, त्याचे कापले."

मी वळले. ती दारात उभी, कमरेवर फडकं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि मग ती आधी हसली की मी, ते नीटसं आठवत नाही.

"सोनीबाई," मी म्हणाले, "एक सरळ विचारू का?" बाहेरच्या खोलीत अश्वजितनं पेपर खाली केल्याचा आवाज आला. "मार्चमध्ये मी तुम्हाला काय द्यायला पाहिजे होतं?"

तिनं एकेक बोट मोडत सांगितलं.

"पाकीट नोको. साडी पन नोको. मोहाले जातो म्हनलं का तुमचं तोंड एवढुसं होते ना, बाई, थे होऊ देऊ नोका. आन् त्या दिवसाचा पगार कापू नोका. हासून 'जा' म्हना. झालं."

मी तो पगार कापला होता. त्या सगळ्या दिवसांचा. एका हातानं कापला होता आणि दुसऱ्या हातानं, पडदा ओढून, पाकीट दिलं होतं. हे मी या गोष्टीत आतापर्यंत सांगितलं नव्हतं, कारण तिनं म्हणेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तो पगार या महिन्यात देते," मी म्हणाले. "आणि पुढच्या मोहाला... जा." शक्य तेवढी हसले.

"आत्ताच कुठी जाऊ जी?" सोनीबाई म्हणाली. "फरशी कोन पुसन?"

आणि फडकं बादलीत बुडवून, पिळून, ती खाली बसली.

"पाय वर घ्या."